विद्यार्थी-नेतृत्व आणि पदवीनंतरची वाट

महाविद्यालयात ज्याला 'अभ्यासेतर उपक्रम' म्हटले जाते, त्याचा नोकरीशी आणि पुढच्या आयुष्याशी नेमका संबंध काय, हा प्रश्न दलित विद्यार्थ्याच्या बाजूने एकदा तपासून पाहिला पाहिजे. स्नेहसंमेलन, वादविवाद मंडळ, राष्ट्रीय सेवा योजना, विद्यार्थी परिषद, वसतिगृहाची खाणावळ, चौदा एप्रिलची जयंती ही सारी कामे फावल्या वेळातली आणि अभ्यासाच्या आड येणारी, असा सर्वसाधारण समज आहे. मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात ३१ वर्षे अर्थशास्त्र शिकवले. त्याआधी पाच वर्षे मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात काढली. या दोन्ही ठिकाणी जे पाहिले, त्याच्या आधारे मी हे लिहीत आहे.

प्रवेशाच्या दिवसांत दरवर्षी कोणी ना कोणी बाप मला बाजूला घेऊन म्हणत असे, "सर, पोरगं हुशार हाय. फक्त त्येला पुढारपणाच्या नादी लागू देऊ नका." ही भीती खोटी नव्हती. ज्याच्या घरात पहिल्यांदा कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्याच्यासाठी एक वर्ष वाया जाणे म्हणजे शेवटची गाडी चुकण्यासारखे असते. म्हणून या बापाला 'तुमचे विचार मागासलेले आहेत' असे सांगून भागत नाही. त्याला उत्तर दिले पाहिजे, आणि ते नीट विचार करून दिले पाहिजे.

प्रथम नोकरी देणारा काय पाहतो ते बघू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत अंतिम निवड २०२५ गुणांवर होते. त्यांपैकी १७५० लेखी परीक्षेचे आणि २७५ व्यक्तिमत्त्व चाचणीचे, म्हणजे मुलाखतीचे. या २७५ गुणांसाठी कोणतेही पाठ्यपुस्तक नाही. मुलाखतीपूर्वी उमेदवाराकडून जो तपशीलवार अर्ज भरून घेतात, त्यात शाळा-महाविद्यालयात कोणती पदे सांभाळली, कोणत्या उपक्रमांत भाग घेतला, याची माहिती मागितलेली असते. मंडळाचे बरेचसे प्रश्न या अर्जातूनच निघतात. खाजगी कंपन्यांत तर गटचर्चा आणि मुलाखत यांवरच पुष्कळदा निकाल लागतो, आणि तेथे आरक्षणाचाही आधार नाही. तेव्हा पदवीच्या कागदापलीकडे काहीतरी मोजले जाते हे उघड आहे. प्रश्न इतकाच की, ते कोठे शिकायचे?

पांढरपेशा घरातला मुलगा ते घरी शिकतो. वडील बँकेत कसे बोलतात, साहेब घरी आला तर कोठे बसवायचा, अर्जात काय लिहायचे नि काय वगळायचे, सोसायटीच्या बैठकीत विरोध कसा नोंदवायचा, हे त्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. ते त्याच्या कानांवर पडत राहते. मुलाखतीच्या खोलीत तो शिरतो तेव्हा समोरची माणसे त्याला काकांसारखी वाटतात. आमच्या मुलाचा बाप बँकेत गेलाच तर कर्जमाफीच्या यादीत नाव शोधायला गेलेला असतो. त्याने साहेबाशी केलेले बोलणे म्हणजे हात जोडून केलेली विनंती. यात त्या बापाचा दोष नाही. शेकडो वर्षे ज्या समाजाला चावडीच्या पायरीपाशी उभे केले, त्याच्या घरात सभाशास्त्र कोठून येणार? ही उणीव भरून काढणारी एकच जागा आमच्या मुलाच्या वाट्याला येते, आणि ती म्हणजे महाविद्यालयातील व वसतिगृहातील सामुदायिक काम. म्हणून इतरांसाठी जे 'अभ्यासेतर' आहे, ते आमच्यासाठी अभ्यासाचाच राहून गेलेला भाग आहे.

हे काम माणसाला घडवते म्हणजे नेमके काय करते, ते उदाहरणांनी पाहू.

वसतिगृहाची खाणावळ घ्या. आमच्या वसतिगृहात ६४ मुले होती आणि खाणावळ मुलेच चालवीत. दरमहा एक चिटणीस आणि दोन सभासद निवडले जात. भुसार दुकानदाराकडून ज्वारी, तूरडाळ, तेल आणायचे, भावात घासाघीस करायची, कच्च्या चिठ्ठीवर न भागवता पक्की पावती घ्यायची. कोण किती दिवस गावी गेला त्याचे खाडे लिहायचे, पाहुण्यांची ताटे वेगळी मांडायची, आणि महिनाअखेर एकूण खर्चाला एकूण ताटांनी भागून दर काढायचा. हा दर फळ्यावर लागला की रात्री सभा भरे. 'मागच्या महिन्यापेक्षा दर वाढला कसा?' असे विचारणारा मुलगा आपल्याच खोलीत राहणारा असे. त्याला न चिडता, वही उघडून, आकडे दाखवून उत्तर द्यावे लागे. पुढे मी अर्थशास्त्रात सरासरी खर्च शिकवला, पण तो मला प्रथम समजला तो त्या फळ्यासमोर. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुसऱ्याचा पैसा हाती आला की माणसाने कसे वागावे, हे तेथे अंगवळणी पडले.

जयंती मंडळाचे कामही असेच आहे. वर्गणीची पावतीपुस्तके छापून घेणे, ध्वनिक्षेपकाची आणि मिरवणुकीची पोलीस परवानगी काढणे, मंडपवाल्याशी ठराव करणे, वक्त्याला पत्र लिहिणे आणि तो आयत्या वेळी आला नाही तर कार्यक्रम सावरणे, शेवटी जमाखर्च लोकांपुढे ठेवणे. माझ्या एका विद्यार्थिनीला आम्ही एका वर्षी कोषाध्यक्ष केले. मुलगी हिशेब ठेवणार म्हणून काही मुले कुरकुरली. रोजच्या रोख रकमेत एके दिवशी ४० रुपये कमी भरले. ती रात्रीपर्यंत एकेक स्थळप्रत तपासत बसली. शेवटी सापडले ते असे: एका मुलाने एका देणगीदाराला १०० रुपयांची पावती फाडून दिली होती, हातात मात्र ६० च घेतले होते. 'बाकीचे उद्या देतो' असे देणगीदार म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी तिने नियमच केला की, पैसे मोजून हातात घेतल्याशिवाय पावती फाडायची नाही. आज ती एका बँकेच्या शाखेत अधिकारी आहे. रोखपालाचे काम शिकवताना तिला वरिष्ठांनी पहिला नियम तोच सांगितला, तेव्हा तिला हसू आले, असे ती मला म्हणाली.

तिसरे उदाहरण शिष्यवृत्तीचे. शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही, हे आमच्या मुलांचे जुने दुखणे आहे. त्यासाठी मोर्चा निघतो, घोषणा होतात. घोषणा जरूर द्याव्यात. पण मोर्च्याच्या आधी आणि नंतर जे काम असते ते शिकण्यासारखे आहे. कोणत्या शासन निर्णयाप्रमाणे किती रक्कम देय आहे ते शोधणे, किती विद्यार्थ्यांची कोणत्या महिन्यांची थकली त्याचा तक्ता करणे, निवेदन एका पानात बसवणे, समाजकल्याण कार्यालयात ते देऊन प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेणे, पंधरा दिवसांनी त्याच क्रमांकाचा हवाला देऊन स्मरणपत्र लिहिणे. कार्यालय कसे चालते, कागद कोणत्या टेबलावर अडतो, लिपिकाच्या हातात काय असते आणि साहेबाच्या हातात काय, हे ज्याने अशा पाठपुराव्यात पाहिले, तो उद्या स्वतः ग्रामसेवक, तलाठी किंवा कामगार संघटनेचा कार्यकर्ता झाला तर पहिल्या दिवशी बावरत नाही. आणि टेबलाच्या पलीकडे बसल्यावर, अलीकडे उभे राहण्याचे दुःख तो सहसा विसरत नाही.

बाबासाहेबांना या गोष्टीची पूर्ण जाणीव होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटी त्यांनी १९४५ साली स्थापन केली. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद भरत असे, आणि १९५० साली हिंदू कोड बिलावर बोलण्यासाठी स्वतः बाबासाहेब त्या संसदेपुढे उभे राहिले. देशाचा कायदामंत्री विद्यार्थ्यांच्या सभेत येऊन विधेयकाची चर्चा करतो, यातून त्या मुलांना काय मिळाले असेल याची कल्पना करावी. १९५० सालीच औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, संस्थेचे जे महाविद्यालय निघाले तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि १९५५ साली ते विद्यार्थ्यांकडून रंगभूमीवर आणले. ज्यांच्या आजोबांना देवळाच्या ओट्यावर चढता येत नव्हते ती मुले शेकडो लोकांसमोर उभी राहून स्पष्ट, खणखणीत आवाजात बोलू लागली. पुढे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांच्या काळात मिलिंद साहित्य परिषदेतून १९६७ साली 'अस्मिता' निघाले आणि दुसऱ्याच वर्षी ते 'अस्मितादर्श' झाले. गंगाधर पानतावणे यांनी ते संपादिले. एका महाविद्यालयाच्या वाङ्मयीन उपक्रमातून दलित साहित्याचे एक प्रमुख व्यासपीठ उभे राहिले. त्याला कोण 'अभ्यासेतर' म्हणेल?

मात्र ही संधी सर्वांना सारखी मिळते असे नाही. कोणत्याही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात थोडे बारकाईने पाहावे. सूत्रसंचालन कोण करतो, पाहुण्यांचा परिचय कोण वाचतो, आणि सतरंज्या कोण घालतो, खुर्च्या कोण लावतो? अशी वाटणी कोणी ठरवून करीत नाही. 'त्याचे उच्चार चांगले आहेत', 'तिला सवय आहे' एवढ्यावर ती आपोआप होते, आणि ज्याला सवय नाही त्याला ती कधीच लागत नाही. मुलींच्या बाबतीत तर ही वाटणी दुहेरी आहे. रांगोळी, स्वागतगीत आणि आरतीचे ताट त्यांच्याकडे. पैसा, परवानगी आणि माइक मुलांकडे. त्यातून वसतिगृहाचे दार संध्याकाळी लवकर बंद होते आणि सभा नेमकी त्यानंतर ठेवलेली असते. दलित मुलीचे नेतृत्व आपल्याच मंडळात का उभे राहत नाही, याचे उत्तर पुष्कळदा सभेच्या वेळेत सापडते.

कायद्यानेही यात भर घातली. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेसाठी थेट निवडणूक ठेवली नाही. आधीच्या परीक्षेतील गुणवत्तेवर प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी नेमावा, अशी पद्धत आली. निवडणुकांतील मारामाऱ्या आणि पैशाचा खेळ थांबावा हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण मते मागणे, हरणे, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणे, हे शिक्षणही त्याबरोबर गेले. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. तरतूद कागदावर येणे आणि वर्गात मतपेटी ठेवली जाणे यांत अंतर असते, हे मात्र आपल्याला वेगळे सांगावे लागत नाही.

राष्ट्रीय सेवा योजना मात्र पुष्कळांच्या आवाक्यात आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे खास शिबिर असा तिचा साचा आहे. शिबिरात आमचा मुलगा खड्डे खणण्यात पुढे असतो. त्याने तेथे गावाची पाहणी करावी, अहवाल लिहावा, ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, असा आग्रह कार्यक्रम अधिकाऱ्याने धरला पाहिजे. खड्डे खणणे त्याला घरीही येत होते. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा सह-अभ्यासक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. तेव्हा हे काम आता गुणपत्रिकेतही दिसेल. पण श्रेयांकापुरती सही करून मोकळे होण्याचा धोकाही त्यात आहे.

आता बापाच्या भीतीकडे वळू. चळवळीने काही मुलांची वर्षे घेतली, हे खरे आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार प्रत्यक्षात आला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत किती तरुण तुरुंगात गेले, कितींच्या परीक्षा बुडाल्या! त्यांनी जे दिले त्याचे मोल समाजाने ओळखलेच पाहिजे. ते दिवस वेगळे होते. घरे जळत असताना कोणी परीक्षेचे वेळापत्रक पाहत बसत नाही. परंतु रोजच्या काळात, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक लावण्यात आणि त्याच्या गाडीमागे मोटारसायकली पळवण्यात ज्याची तीन वर्षे गेली, तो त्या परंपरेचे नाव सांगू लागला तर त्याला थांबवले पाहिजे. दोहोंतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. त्या मुलाच्या हाती वही आली का? निर्णय घेताना त्याला कोणी विचारले का? नसेल, तर तो नेतृत्व शिकत नाही, बिनपगारी नोकरी करतो आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील १९२० हे वर्ष या संदर्भात विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावे. ३१ जानेवारीला त्यांनी 'मूकनायक' सुरू केले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. नाव होत होते, लोक जमत होते, शाहू महाराजांसारखा राजा पाठीशी होता. आणि त्याच वर्षी जुलैत ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघून गेले. १९२३ साली डी. एस्सी. आणि बॅरिस्टरी घेऊन परतल्यावर, २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सामाजिक काम आणि अभ्यास यांत त्यांनी एक निवडून दुसरे टाकले नाही. कोणत्या वेळी कोणते पुढे ठेवायचे हे ठरवले. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीनेही २००६ साली उमेदवाराला ७५ टक्के हजेरीची अट घातली आणि ज्याचे विषय राहिलेले आहेत त्याला निवडणुकीपासून दूर ठेवले. मी माझ्या विद्यार्थ्यांना याहून साधा नियम सांगत आलो: एका वेळी एकच पद, एकच वर्ष, आणि वर्ष संपताच वही, शिल्लक आणि सामानाची यादी नव्या मुलाच्या हाती देऊन सही घ्यायची. पद सोडता येणे हाही नेतृत्वाचाच भाग आहे, आणि शेवटच्या वर्षाचा अभ्यास त्यामुळेच वाचतो.

दुसरी अडचण मुलाखतीच्या दारात येते. आमची मुले केलेले काम सांगत नाहीत. वादविवादाचे पारितोषिक सांगतील, पण जयंती मंडळाचे चिटणीसपद अर्जात लिहिणार नाहीत, कारण त्यातून जात कळेल अशी धास्ती असते. ही धास्ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. काय सांगायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण त्या कामाची लाज मात्र बाळगू नये. आणि सांगायचे असेल तर 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत' असे मोघम बोलू नये. असे सगळेच बोलतात. किती माणसांचे काम होते, किती पैसा हाती होता, कोणती अडचण आली, ती कशी सोडवली आणि शेवटी काय शिल्लक राहिले, एवढे चार-पाच वाक्यांत सांगावे. '६४ मुलांची खाणावळ महिनाभर चालवली, दर इतका आला, दर का वाढला याचे उत्तर सभेत दिले' असे म्हणणाऱ्या उमेदवाराला व्यवस्थापन म्हणजे काय हे कोणी विचारत बसत नाही.

आणखी एक बदल आपल्या नजरेतून सुटता कामा नये. वसतिगृहांत जागा अपुऱ्या पडतात म्हणून शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजनेखाली, प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या खात्यात निवास-भोजनाची रक्कम देण्यास सुरुवात केली. ही मदत अनेकांना तारणारी आहे, तिला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. पण पैशाने खोली मिळते, डबा मिळतो. खाणावळीची सभा मिळत नाही. शहराच्या कडेला भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा मुलगा डबा खातो, मोबाइलवर व्याख्याने ऐकतो, परीक्षा देतो आणि परततो. त्याच्याशी वाद घालायला कोणी नाही, त्याच्या हाती वही द्यायला कोणी नाही. शाहू महाराजांनी १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह काढले, कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवले, ते केवळ निवाऱ्यासाठी नव्हते. एकत्र राहण्यातून माणूस घडतो हे त्यांनी ओळखले होते. म्हणून वसतिगृहांच्या जागा वाढवा ही मागणी केवळ निवाऱ्याची मागणी म्हणून न करता शिक्षणाची मागणी म्हणून केली पाहिजे. आणि ती पुरी होईपर्यंत, एकेका वस्तीत विखुरलेल्या मुलांनी आठवड्यातून एकदा एखाद्या विहारात किंवा वाचनालयात जमून आपले मंडळ, आपले भित्तिपत्रक, आपला हिशेब सुरू करावा. कार्यकर्त्यांनी त्यासाठी जागा मिळवून द्यावी. सूत्रे मात्र मुलांच्याच हाती ठेवावीत.

शिक्षकबंधू-भगिनींना माझे दोनच गोष्टींचे सांगणे आहे. येत्या स्नेहसंमेलनात, जो कधी व्यासपीठावर चढला नाही अशा मुलाला पाहुण्यांचा परिचय करून द्यायला सांगा, आणि त्याची आधी दोन वेळा तयारी करून घ्या. उच्चार चुकले तर चुकू द्या. आणि वर्षाच्या शेवटी 'सक्रिय सहभाग घेतला' असे छापील प्रमाणपत्र देण्याऐवजी, त्या मुलाने नेमके कोणते काम, किती दिवस, किती लोकांसाठी केले, ते तीन ओळींत स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करा. तो कागद त्याला मुलाखतीच्या खोलीपर्यंत उपयोगी पडेल. त्याच्या बापालाही तो वाचून दाखवता येईल.